बाई घाबरल्यात, कोणाला सांगू नका

सतरा वर्षं झाली मला शिकवायला लागून. सतरा! आणि तरी नवीन वर्ग मिळाला की आदल्या रात्री माझी अशी काही अवस्था होते की बघणाऱ्याला वाटावं, हिला उद्या शिकवायचं नाहीये, कोर्टात उभं राहायचंय. सुरुवातीची काही वर्षं नवरा समजूत काढायचा, "अगं मुलंच तर आहेत." आता तोही दमला, नुसती कूस बदलतो. पण "मुलंच तर आहेत" म्हणणाऱ्या माणसाने एकदा तरी बावन्न मुलांकडे पाठ करून फळ्यावर तारीख लिहून बघावी. तेव्हा मागे जी शांतता पसरते ना, ती शांतता नसते, ती तयारी असते.

स्वप्न पण ठरलेलं. मी जिना चढतेय, चढतेय, चढतेय आणि वर्ग काही सापडत नाही, सापडला तर खडू उमटत नाही, उमटला तर तास भूगोलाचा निघतो आणि मी गणिताची. यंदा तर बेंचवर मुलं नव्हतीच, माझेच जुने शिक्षक ओळीने बसले होते आणि पहिल्या बेंचवरच्या बाई माझ्याकडे बघत वहीत काहीतरी टिपून घेत होत्या. स्टाफरूममध्ये मी हे लाजत लाजत सांगितलं तर तिघी एकदम ओरडल्या, "जिना? मला पण जिनाच!" त्यातल्या एकीच्या रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीयत, आणि तिच्या स्वप्नात अजून तिचीच परीक्षा असते.

हे सगळं का होतं ते मला पाठ आहे, वाचून वाचून. आपल्या शरीराला नववी ब आणि वाघ यातला फरक कळत नाही (खरं सांगायचं तर मलाही कधीकधी कळत नाही). अॅड्रेनालिन सुटतं, छाती धडधडते, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं म्हणून पोटात गोळा, लाळ आटते म्हणून तोंड कोरडं, गळ्याचे स्नायू आवळतात म्हणून आवाज दोन पट्ट्या वर. म्हणजे पळून जायची सगळी जय्यत तयारी शरीराने करून दिलेली असते आणि मला करायचं काय असतं, तर हजेरी घ्यायची असते.

येर्क्स आणि डॉडसन नावाच्या दोघांनी 1908 मध्ये उंदरांवर प्रयोग केले होते, विजेचे झटके देऊन. काम अवघड असेल तर मध्यम झटक्याने उंदीर लवकर शिकायचे, झटका जोरात बसला की गडबडायचे. म्हणून लोक सांगतात की थोडी भीती चांगलीच असते. असेलही. पण माझा झटका मध्यम आहे का जोराचा, हे रात्री दोन वाजता कोणाला विचारायचं?

उपाय सांगणारे भरपूर. एक सहकारी म्हणाली, समोर सगळी झाडं आहेत असं समज. समजले एकदा. पण झाडं एकमेकांना कोपराने ढोसत नाहीत. दुसरीने दीर्घ श्वसन सांगितलं, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, त्याने धडधड कमी होते, आणि ते खरंच होतं, फक्त वर्गाच्या दारात उभं राहून करू नये, पहिल्या बेंचवरची मुलगी "मॅडम, बरं वाटत नाहीये का?" म्हणून पाण्याची बाटली घेऊन येते.

मग मला हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रूक्स बाईंचं 2014 सालचं संशोधन सापडलं. त्यांनी लोकांना परक्या माणसांसमोर गायला लावलं, भाषणं द्यायला लावली, गणितं सोडवायला लावली. तर स्वतःला शांत करत बसण्यापेक्षा ज्यांनी 'मी एक्साइटेड आहे' असं मनावर घेतलं त्यांचं काम जास्त चांगलं झालं. मुद्दा साधा आहे, छाती घाबरल्यावर पण धडधडते आणि आनंदाने पण धडधडते, तर निदान लेबल तरी बरं लावा. मला एकदम पटलं. त्या दिवशी सकाळी बाथरूमच्या आरशात बघून मी दहा वेळा म्हणाले, "मी एक्साइटेड आहे." बाहेरून मुलगी म्हणाली, "आई, तू रडतीयेस का?"

आणि या सगळ्या एक्साइटमेंटमध्ये मी घरातून निघाले.

शाळेत पोचले, बेल झाली, कॅटलॉग छातीशी धरून नववी बच्या दारात उभी राहिले. अशा वेळी नेमकं नको तेच आठवतं. नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेन्थल यांनी 1993 मध्ये दाखवलं होतं की कॉलेजात शिकवणाऱ्यांचा फक्त तीस सेकंदांचा, तोही आवाज बंद केलेला व्हिडिओ बघून अनोळखी लोकांनी जे मार्क दिले, ते विद्यार्थ्यांनी सेमिस्टरच्या शेवटी दिलेल्या मार्कांशी बऱ्यापैकी जुळले. तीस सेकंद! माझे तर दारातून टेबलापर्यंत जाण्यातच संपले, आणि त्यात एकदा ओढणी कडीत अडकली.

"गुड मॉर्निंग मॅऽऽडम" झालं. हजेरी घेतली. कॅटलॉगात बावन्न, सगळे हजर. सवयीने डोकी मोजली तर त्रेपन्न. परत मोजली, त्रेपन्न. आता गणिताची बाई पहिल्याच दिवशी, पहिल्याच पाच मिनिटांत, मुलांदेखत तिसऱ्यांदा बोट नाचवत मोजणार का? नाही मोजली. म्हटलं आपणच घाबरलोय, चुकलं असेल.

फळ्यावर तारीख लिहायला वळले, खडू मोडला, तुकडा खाली पडला, उचलायला वाकले आणि माझी नजर माझ्याच पायांवर गेली. डाव्या पायात चॉकलेटी चप्पल. उजव्या पायात काळी.

पुढचे पस्तीस मिनिटं मी टेबलाच्या मागून हलले नाही. टेबलाला खालून फळी आहे याबद्दल त्या सुताराला मी मनोमन हात जोडले. एरवी मी वर्गभर फिरत शिकवणारी बाई, त्या दिवशी पुतळा. फळ्याचा डावा भाग टेबलामागून हाताला येत नव्हता म्हणून अख्खं समीकरण उजव्या कोपऱ्यात, वरून खाली, चिंचोळ्या गल्लीसारखं लिहिलं. आणि तेवढ्यात लक्षात आलं की शेवटच्या बेंचवरचा एक मुलगा पापणी न लवता माझ्याकडेच बघतोय. वही बंद, पेन बंद, नुसता बघतोय. संपलं. याने बघितलं. आता हा शेजारच्याला सांगणार, तो त्याच्या शेजारच्याला, आणि वर्षभर मी दोनरंगी बाई.

मनाला समजवायला मी परत संशोधनाकडे धावले. कॉर्नेलच्या थॉमस गिलोविच आणि मंडळींनी विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून लोकांच्या खोलीत पाठवलं होतं, 2000 साली ते छापून आलं. घालणाऱ्यांना वाटलं निम्म्या लोकांनी बघितलं असेल, प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलं. वा! किती दिलासा! मग डोक्यातल्या डोक्यात हिशोब झाला, बावन्नचा पाव म्हणजे तेरा. तेरा म्हणजे काय थोडे झाले?

लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून एक प्रश्न विचारला. मेरी बड रो बाईंनी वर्गांमधली रेकॉर्डिंग्ज ऐकून ऐकून सांगितलंय की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबतात, तीन सेकंद थांबलं तर मुलं जास्त आणि चांगलं बोलतात. मी थांबले. एक. दोन. तीन. चार. कोणी हूं की चूं नाही. पहिल्या दिवशीच्या वर्गातले तीन सेकंद आणि घड्याळातले तीन सेकंद यांचं एकमेकांशी काही नातं नसतं, हे रो बाईंनी सांगायला हवं होतं. शेवटी पाचव्या की सहाव्या सेकंदाला एक मुलगी पुटपुटली आणि उत्तर बरोबर निघालं, मला इतकं भरून आलं की मी तिला दोनदा "शाब्बास" म्हणाले आणि ती बिचारी घाबरून खालीच बसली.

बेल झाली. सगळी मुलं भस्सकन बाहेर. मी टेबलामागेच, कॅटलॉगात काहीतरी लिहिल्यासारखं करत. वर बघते तर शेवटच्या बेंचवरचा तो समोर उभा.

"मॅडम, एक विचारू?"

"विचार," मी म्हणाले. आवाज दोन पट्ट्या वर.

"ही... नववी क आहे ना?"

मला कळायला एक क्षण लागला. त्रेपन्नावा! हजेरीला नाव आलं नाही तेव्हाच त्याच्या लक्षात आलं होतं, पण शाळाच नवीन, त्यात सगळ्यांसमोर उठून "मी चुकून आलोय" म्हणायची हिंमत होईना म्हणून तास संपेपर्यंत श्वास रोखून बसला होता. टक लावून माझ्याकडे बघत होता, कारण मला कधी कळतंय याची वाट बघत होता.

"मग मघाशी का नाही बोललास रे?"

"भीती वाटली."

याच्यावर मी काय बोलणार. म्हटलं चल, सोडते तुला. टेबलामागून बाहेर आले आणि आम्ही दोघं कॉरिडॉरमधून निघालो, चॉकलेटी, काळी, चॉकलेटी, काळी. नववी कच्या दाराशी त्याला सांगितलं, पहिल्या तासाला कुठे होतास असं सरांनी विचारलं तर मॅडमनी थांबवून घेतलं होतं म्हणून सांग. तो "हो" म्हणाला, दोन पावलं आत गेला, परत वळून आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला,

"मॅडम, डावी जास्त छान आहे."