सरकारी कॉइन घ्या अन् करोडपती व्हा म्हणे, जरा थांबा राजेहो

आपल्या इकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, मग तो कृषी केंद्राचा असो की गणपती मंडळाचा की बचत गटाचा, एक लांबलचक मेसेज फिरून राहिला. ज्यांना आला नसंल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्यात लिहिलं आहे की आइसलँड सरकारनं 2014 ला स्वतःचं कॉइन, म्हणजे इंटरनेटवर चालणारं डिजिटल चलन (यालाच क्रिप्टो म्हणते), काढून जनतेला फुकट वाटलं आणि ते बघता बघता एकूण किमतीत जगातल्या कॉइनमध्ये तिसऱ्या नंबरवर गेलं. व्हेनेझुएलानं 2018 ला पेट्रो नावाचं कॉइन काढलं, त्याच्या मागं तेल, पहिल्याच दिवशी 73 कोटी डॉलरची विक्री, भारतानंसुद्धा त्यात तेल घेतलं. एल साल्वाडोरनं बिटकॉइनलाच देशाचा पैसा केला अन् गरिबी हटवली. आणि आता आपल्या रिझर्व्ह बँकेचं कॉइन आलं, अजून स्वस्त आहे, जो सुरुवातीला घुसला तो सुटला. खाली लिंक, आणि त्याखाली "आपल्या तालुक्यासाठी मोजक्याच आयडी शिल्लक".

मेसेज लिहिणारा येडा नाही बरं. देशांची नावं खरी, वर्षं बरोबर, आकडेही बरेचसे खरे, त्यामुळं गूगल करून पाहणारा पोरगा पण फसते, कारण आकडा टाकला की तो खरंच सापडते. गफलत आहे ती दोन आकड्यांच्या मधात जे गाळलं त्यात.

आता आइसलँडचं घ्या. त्या कॉइनचं नाव ऑरोराकॉइन, आणि ते सरकारनं काढलंच नव्हतं. काढणारा कोण होता ते जगाला धड माहीत नाही, त्यानं बाल्डुर फ्रिग्यार ओडिन्सन असं त्यांच्या जुन्या देवादिकांतलं नाव लावलं होतं. फेब्रुवारी 2014 मध्ये त्यानं लाइटकॉइन नावाच्या आधीच्या कॉइनचा कोड घेऊन हे कॉइन सुरू केलं, एकूण 2 कोटी 10 लाख कॉइन ठरवली आणि त्यातली अर्धी, म्हणजे 1 कोटी 5 लाख, आधीच बनवून बाजूला ठेवली, आइसलँडच्या लोकांना वाटायला. सव्वातीन लाखांच्या वर लोकसंख्या, माणशी 31.8 कॉइन, ओळख पटवायला त्यांचा राष्ट्रीय ओळख नंबर. हा नंबर वापरला म्हणून लोकांना ते सरकारी वाटलं असंल, पण सरकारचा त्याच्याशी संबंध नव्हता. उलट त्याच मार्चमध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेनं असल्या चलनापासून सांभाळून राहा म्हणून लोकांना इशारा दिला आणि संसदेच्या समितीत यावर चर्चा झाली.

तिथल्या लोकांचा राग मात्र खोटा नव्हता, हे पण सांगितलं पाहिजे. 2008 ला त्यांच्या तिन्ही मोठ्या बँका बसल्या, मग सरकारनं देशाबाहेर पैसा न्यायला बंधनं टाकली, ती 2017 पर्यंत चालली. आपल्याच पैशावर आपला हक्क नाही म्हटल्यावर माणूस काहीतरी वेगळं शोधणारच. कॉइनवाल्यानं ती दुखरी नस बरोबर पकडली.

आता तो तिसरा नंबर. यावर जरा थांबतो, कारण सगळा खेळ इथंच आहे आणि कापूसवाल्याला हा खेळ समजायला दोन मिनिटं पण लागत नाही. आपल्या बाजार समितीत सीझनच्या पहिल्या दिवशी कापसाचा मुहूर्त होते. पहिली गाडी येते, शेतकऱ्याला शाल-श्रीफळ, व्यापारी उभे, सभापती उभे, काटापूजन, आणि त्या एका गाडीला दणदणीत भाव पुकारतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. तो फोटो पाहून तुम्ही घरी गंजी मारून ठेवलेल्या सगळ्या कापसाला त्या भावानं गुणलं, वरून तालुक्यातला अजून वेचायचा कापूस पण त्याच भावानं गुणला, आणि म्हटलं की आपला तालुका एवढ्या कोटींचा धनी झाला, तर कसं होईल? दुसऱ्या दिवशी गाडी नेली की ग्रेडर मूठभर कापूस दाबून पाहणार, ओलावा जास्त आहे म्हणणार आणि भाव सांगणार तो वेगळाच राहते.

ऑरोराकॉइनचं हेच झालं. मार्च 2014 च्या सुरुवातीला बाजारात फिरणारी कॉइन थोडीशीच होती, त्यांची खरेदी-विक्री होऊन भाव नव्वद डॉलरच्या वर गेला, आणि कॉइनच्या एकूण किमतीची यादी बनवणाऱ्या वेबसाइटनं तो भाव त्या वाटायला ठेवलेल्या, अजून कोणाच्या हातात न पडलेल्या 1 कोटी 5 लाख कॉइनलाही लावून टाकला. झाले शंभर कोटी डॉलर, झाला तिसरा नंबर. ती कॉइन त्या भावात घेणारा कोणी उभाच नव्हता. 25 मार्चला वाटप सुरू झालं तोपर्यंत भाव बारा डॉलरच्या आसपास आला होता, आणि ज्यांना फुकट मिळाली त्यांनी विकायला काढल्यावर अजून आपटला, काही महिन्यांत एका डॉलरच्या खाली. मग उरलेली कॉइन खपावी म्हणून माणशी वाटा 31.8 वरून 318 केला, नंतर 636 केला, तरी बहुतेक लोक घ्यायलाच आले नाही. ज्या वस्तूचा फुकट वाटा वीसपट करून लोक रांग लावत नाही तिला मेसेजवाला "यशस्वी राष्ट्रीय चलन" म्हणते.

"पण पेट्रो तर खुद्द सरकारचं होतं ना भाऊ?" हो, होतं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मादुरो यांनी डिसेंबर 2017 ला टीव्हीवर घोषणा केली, 20 फेब्रुवारी 2018 ला पूर्वविक्री सुरू, आणि त्याच दिवशी 73 कोटी 50 लाख डॉलर जमले असं जाहीर केलं. मेसेजमध्ये हा आकडा आहे, पण तो सांगितला कोणी हे नाही. विकणाऱ्यानंच सांगितला, आणि एवढे पैसे खरंच कोणी दिले हे बाहेरच्या कोणाला तपासता आलं नाही. आपल्याइकडे प्लॉटवाला पण पहिल्या दिवशी म्हणतेच की अर्धे बुक झाले.

बरं, सरकारी म्हणजे भक्कम, तर निदान कागद तरी पक्का पाहिजे. आधी सांगितलं की पेट्रो इथेरियम नावाच्या नेटवर्कवर चालणार, विक्रीच्या टायमाला नेम नावाच्या दुसऱ्याच नेटवर्कचं नाव आलं, ऑक्टोबरपर्यंत तिसराच आराखडा, जो डॅश नावाच्या कॉइनवरून उचलला अशी टीका झाली. सुरुवातीला एक पेट्रो म्हणजे तेलाचं एक पिंप, पुढं म्हणे अर्धं तेल, बाकी सोनं, लोखंड आणि हिरे. स्वतःच्या संसदेनं बेकायदा ठरवलं, कारण तिथं तेव्हा विरोधकांचं बहुमत होतं. अमेरिकेनं 19 मार्च 2018 ला आपल्या लोकांना पेट्रोच्या व्यवहाराला बंदीच घातली.

आणि ते तेल? सरकारनं आतापिरिरे नावाच्या गावाकडच्या तेलपट्ट्याचं नाव दिलं होतं. रॉयटर्सचे पत्रकार ऑगस्ट 2018 मध्ये तिथं प्रत्यक्ष गेले. पाहतात तर खड्ड्यांचे रस्ते, ये-जा करणारी लाइट, जुनी गंजलेली यंत्रं, आणि गावातल्या लोकांना आपल्या जमिनीखालच्या तेलावर जगभर कॉइन विकलं जातंय याचा पत्ताच नाही असं चित्र. तेल जमिनीत असंलही, पण ते वर काढायला पैसा लागते, यंत्रं लागते, पाइपलाइन लागते, आणि मुख्य म्हणजे पेट्रो घेऊन गेलेल्या माणसाला कोणी पिंप भरून देणारा लागते. तो कुठंच नव्हता.

2019 च्या डिसेंबरात पेन्शनरांना अर्धा पेट्रो बोनस दिला. काही दिवस दुकानांत गर्दी झाली, म्हातारे लोक किराणा घेऊन गेले, त्यांचं तेवढं भलं झालं, ते नाकारून काय करता. पण दुकानदारानं पुढं त्या पेट्रोचं करायचं काय, म्हणून बाहेर ते सरकारी भावाच्या खूप खाली विकले जाऊ लागले. 2023 ला तेलाच्या पैशात घोटाळा बाहेर आला, क्रिप्टोचं सरकारी खातं सांभाळणारा अधिकारी अटकेत, तेलमंत्र्यांचा राजीनामा, आणि जानेवारी 2024 ला पेट्रो बंद. शिल्लक होतं ते बोलिव्हारमध्ये, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या चलनात, बदलून टाकलं, म्हणजे ज्या नोटेपासून वाचायला पेट्रो आणलं त्याच नोटेत वापस.

आता "भारतानंही त्यात तेल घेतलं" हे तर सरळसरळ फोकनाड आहे. झालं होतं ते असं की व्हेनेझुएलानं 2018 मध्ये आपल्याला, पेट्रोत पैसे दिले तर तेलावर 30 टक्के सूट देतो अशी ऑफर दिल्याच्या बातम्या आल्या. त्यावर तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी मे 2018 मध्ये पत्रकारांसमोर सांगितलं की रिझर्व्ह बँकेची बंदी असल्यामुळं क्रिप्टोत व्यवहार होऊ शकत नाही. एवढी मोठी सूट मिळत असून आपण नाही म्हटलं, आणि मेसेजवाल्यानं त्याच गोष्टीचं "भारतानं स्वीकारलं" करून टाकलं. (ती बंदी बँकांवर होती, एप्रिल 2018 च्या परिपत्रकातली, सुप्रीम कोर्टानं 4 मार्च 2020 ला ती उडवली. पण म्हणून पेट्रो काही आपल्या देशात आलं नाही.)

एल साल्वाडोरचं लवकर सांगतो. त्यांनी स्वतःचं कॉइन काढलं नाही, 7 सप्टेंबर 2021 पासून बिटकॉइनला डॉलरसोबत कायदेशीर चलन केलं. सरकारी अ‍ॅपवर 30 डॉलर फुकट मिळत होते, बहुतेकांनी ते खर्च केले आणि पुन्हा अ‍ॅप उघडलं नाही. जानेवारी 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या (आयएमएफ) कर्जासाठी कायदा बदलून सक्ती काढून घेतली. सरकारनं घेतलेल्या बिटकॉइनचा भाव पुढं वाढला हे खरं, पण तो बिटकॉइनचा भाव आहे, त्यानं तिथल्या मक्यावाल्याची गरिबी कशी हटली ते मेसेजवाल्यानंच समजावून सांगावं.

आता आपल्या घरची गोष्ट, ज्यासाठी हा सगळा पसारा मांडला. रिझर्व्ह बँकेनं ई-रुपया, म्हणजे आपल्या रुपयाचंच डिजिटल रूप, खरंच काढला. सामान्य लोकांसाठीची चाचणी 1 डिसेंबर 2022 ला मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि भुवनेश्वर इथं सुरू झाली, मग शहरं अन् बँका वाढत गेल्या. मार्च 2025 अखेर चलनात असलेला ई-रुपया 1,016 कोटींच्या आसपास होता. ओडिशात सुभद्रा योजनेचे पैसे काही बायांना ई-रुपयात दिले गेले. हे सगळं खरं. पण काहून कोणी एक साधी गोष्ट विचारत नाही, की याचा भाव वाढणार कसा? एक ई-रुपया म्हणजे एक रुपया, आज पण, पाच वर्षांनी पण. तुमच्या खिशातली पाचशेची नोट उद्या सहाशेची होते का? "स्वस्तात आहे तोवर घ्या" हे वाक्यच ई-रुपयाला लागू होत नाही. तो बँकेच्या अ‍ॅपवर मिळते, त्याची आयडी विकत घ्यावी लागत नाही, त्यात खाली दोन माणसं जोडायची राहत नाही.

आमच्या स्टँडजवळच्या पानठेल्यावर एक पोट्टा हेच विकून राहिला होता. मोबाइलवर अशोकस्तंभ लावलेलं अ‍ॅप, त्यात हिरवी रेघ वर वर जाताना दिसते, खाली बॅलन्स दर मिनिटाला थोडा वाढते. मी म्हटलं, लय चांगलं आहे, यातले फक्त पाचशे आत्ता माझ्यासमोर काढून दाखव. तर म्हणते, "दादा, पहिले टीडीएस भरावा लागते, मंग विड्रॉल ओपन होते." आता हे नीट लक्षात घ्या कारण पुष्कळ जण इथंच दुसऱ्यांदा पैसे भरून बसले. क्रिप्टोवर 1 टक्का टीडीएस आहे, जुलै 2022 पासून, पण तो मिळणाऱ्या रकमेतून कापून घेतात, त्यासाठी तुम्ही आधी खिशातून काही भरायचं नसते. नफ्यावर 30 टक्के कर आहे, तो रिटर्न भरताना, एजंटाच्या फोनपेवर नाही. त्याला हे सांगितलं तर तो म्हणे तुम्ही निगेटिव्ह माणूस आहात.

ज्यांनी आधीच पैसे टाकले त्यांनी लाजत बसू नका, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका लवकर तितका खात्यातला पैसा अडवायचा चान्स जास्त, आणि त्या पोट्ट्याच्या चॅटचे स्क्रीनशॉट डिलीट करू नका.

आणि मला दोघा-तिघांनी विचारलं की मग खरा ई-रुपया घ्यावा का. घ्या ना, कोणी नाही म्हटलं, दुकानात चालला तर युपीआयसारखा वापरा. फक्त त्यावर व्याज मिळत नाही, सेव्हिंगला ठेवले तर थोडंफार तरी मिळते, म्हणून मी अजून घेतला नाही.