ईदची सजावट आणि तिसावा कप्पा

रमजान जवळ आला की घरच्या घरी सजावट कशी करायची याचे व्हिडिओ सुरू होतात. मी हौसेने बघते. पण बऱ्याच ठिकाणी नाताळचीच सजावट उचललेली असते. लाल-हिरव्याच्या जागी सोनेरी-निळा, आणि टोकाला चिकटवलेली चंद्रकोर. हाताने केलंय हे कबूल, पण डोकं कुठे लावलंय?

ईदकडे स्वतःचं सामान काय कमी आहे? भूमितीच घ्या. सारख्या मापाचे दोन चौकोन कापा, एक दुसऱ्यावर 45 अंशांत फिरवून चिकटवा, झाला आठ टोकांचा तारा. मोरोक्कोपासून मध्य आशियापर्यंतच्या जुन्या इमारतींच्या फरशांवर हाच दिसतो. लहान पोरांनाही जमतो. असे तारे रांगेत टोकाला टोक लावून मांडले की मधल्या रिकाम्या जागेत आपोआप अधिकच्या चिन्हासारखी नक्षी उमटते. कैरोतले फानूस, म्हणजे रमजानचे कंदील, पत्र्याचे आणि रंगीत काचेचे असतात, पण पुठ्ठा आणि जिलेटिन कागदाचेही झकास होतात. आत मेणबत्ती नको, सेलवरचा दिवा ठेवा.

चंद्राबाबत माझी एक खोड आहे, सांभाळून घ्या. कोरीच्या दोन टोकांच्या मधे आत चांदणी अडकवतात ना, ती आकाशात तिथे दिसूच शकत नाही. तिथे चंद्राचाच अंधारा भाग असतो! चांदणी बाहेर लावा. आणि कोर बारीक कापा हो. ईदचा चंद्र म्हणजे सूर्य मावळल्यावर जेमतेम दिसणारी रेघ.

खरी मजा रोज एक कप्पा उघडायच्या कॅलेंडरची. कापडी पिशव्या, काड्यापेट्या, लिफाफे, काहीही चालतं. पण लोक 30 कप्पे करतात आणि सगळ्यात मोठी भेट तिसाव्यात ठेवतात. अहो, महिना 29 चाच निघाला तर? संध्याकाळी चंद्र दिसला की रमजान संपला, आणि पोरगं त्या बंद कप्प्याकडे बघत बसतं. मोठी भेट ईदीबरोबर, म्हणजे ईदला पोरांना देतात त्या पैशांबरोबर द्या. तिसाव्यात असं काहीतरी ठेवा की राहिलं तरी हळहळ नको. शेवटच्या 10 कप्प्यांत मी खाऊ कमी करून चिठ्ठ्या घालते: आज एका आजारी माणसाला फोन कर, आज कुणासाठी तरी दुआ माग. रमजानच्या शेवटच्या 10 रात्री प्रार्थनेच्या, वेगळ्या आहेत हे भाषण न देता कळतं. आणि कप्प्यांवर इंग्रजी तारखा नकोत. रमजान दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकतो. नुसते 1 ते 30 आकडे घातले तर तेच कॅलेंडर पुढेही वापरता येतं.

एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे. वापरून फेकायच्या वस्तूंवर, म्हणजे कागदी प्लेट, फुगे, पिशव्या, अल्लाहचं नाव किंवा कुराणातली आयत लिहू नये. दुसऱ्या दिवशी ते केरात जाणार, नाहीतर कुणाच्या पायाखाली. तिथे ‘ईद मुबारक’ पुरे. सुलेखनाची हौस असेल तर चांगल्या कागदावर लिहून फ्रेम करा, तीच भेट होते.

बाकी भेटी वापरात येतील अशाच करा. तसबीह, म्हणजे जपमाळ, ओवणं सोपं आहे: 33 किंवा 99 मणी, 99 चा असेल तर दर 33 नंतर एक वेगळा मणी. दोरा मात्र पक्का घ्या, नाहीतर मणी खोलीभर पळतात आणि देणाऱ्याचा उद्धार होतो. शिवता येत असेल तर प्रवासात घडी करून नेता येईल असा पातळ जानमाज, म्हणजे नमाजाची चटई, शिवा. पण त्यावर टिकल्या-आरसे नकोत. सजद्यात, म्हणजे नमाजात वाकून, कपाळ तिथेच टेकायचं असतं, बोचतं.

आणि फित्रा, म्हणजे ईदला गरिबांना द्यायचं दान. तो ईदच्या नमाजाआधी पोचायला हवा, तेव्हा सगळ्यात आधी त्याचे लिफाफे तयार करा. घरच्या पोरांच्या ईदीला सोनेरी लिफाफा आणि फित्र्याच्या नोटा मुठीत चुरगळून, हे मला पटत नाही. दोन्हीकडे तोच कागद, तीच नक्षी. फक्त फित्र्याच्या लिफाफ्यावर देणाऱ्याचं नाव घालू नका.