गाडी युनिटला किती देते?

मे महिन्यात जुळे सोलापुरात दादाकडे होतो. त्याला इलेक्ट्रिक गाडी घ्यायची आहे, आणि घरात रोज त्यावरून वाद. दादा म्हणे, बॅटरी मोठीच घेऊ, एका चार्जमध्ये पुणं गाठलं पाहिजे. मामा म्हणत, "आहेरवाडीच्या वीज केंद्रात कोळसाच जळायलाय की! तुझ्या दारातला धूर तिकडं गेला, एवढंच." म्युनिकला परतलो तरी वाद डोक्यातून जात नाही. नेमका प्रश्न दोघांनीही विचारला नव्हता.

पेट्रोलची गाडी घेताना आपण आधी विचारतो, ॲव्हरेज किती? टाकी किती लिटरची, हे कुणी विचारत नाही. इलेक्ट्रिकच्या बाबतीत मात्र सगळे टाकीच विचारतात, कारण रेंज म्हणजे शेवटी टाकीच. ४५ युनिटांच्या बॅटरीवर ३०० किलोमीटर जाणारी गाडी शंभराला १५ युनिट खाते. ८० युनिटांवर ४०० जाणारी २० खाते. जाहिरातीत भाव मिळतो तो दुसरीला.

इथं जर्मनीत शोरूममधल्या गाडीच्या माहितीपत्रकावर १०० किलोमीटरला किती युनिट, हे छापलेलं असतं. एडीएसी ही वाहनधारकांची संघटना तर चार्जिंगमधली गळतीही धरून वापर मोजते. बिल भिंतीतल्या मीटरवर येतं, म्हणून हे महत्त्वाचं. घरच्या साध्या सॉकेटवर रात्रभर सावकाश चार्ज केलं, तर तेवढे तास गाडीतली यंत्रणा जागी राहते आणि गळती वाढते. तिकडचे-इकडचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: गाडीची रेंज ज्यावरून ठरते त्या आपल्याकडच्या चाचणीत वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही, युरोपच्या चाचणीत १३१ पर्यंत जातो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० चा वेग १३० वर नेला की तो दुप्पट होतो.

सोलापूरच्या उन्हाची भीती मला घरात सगळ्यांकडून ऐकायला मिळाली. एसीने बॅटरी संपेल म्हणे. बाहेर ४२ अंश असताना गाडीत २५ हवे असतील, तर फरक १७ चा. म्युनिकच्या जानेवारीत उणे ५ वरून २० वर यायचं, म्हणजे फरक २५ चा. पेट्रोल इंजिनाची वाया जाणारी उष्णता इथं फुकट ऊब देते, इलेक्ट्रिकमध्ये तीही बॅटरीतूनच काढावी लागते. त्यामुळे थंडीतल्या छोट्या फेऱ्यांत माझ्या गाडीचा वापर १५ वरून २२ युनिटांवर जातो. आपलं ऊन त्या मानाने सोसवतं. एसी किलोमीटरवर नाही, तासावर खातो, म्हणून तो जाणवेल सात रस्त्याच्या गर्दीत, पुणे हायवेवर नाही.

मामांचं म्हणणं मात्र उडवून लावता येत नाही. कोळशाच्या एका युनिटामागे साधारण ९०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. २० युनिट खाणारी गाडी निव्वळ कोळशावर चालली, तर शंभर किलोमीटरला १८ किलो. लिटरला २० देणारी पेट्रोल गाडी ५ लिटर जाळते, म्हणजे साडेअकरा किलो. तेलशुद्धीकरणाचं वेगळं. १४ युनिटांची छोटी गाडी साडेबारावर येते, बरोबरीच्या जवळ. जर्मनीत निम्म्याहून जास्त वीज अक्षय स्रोतांची आहे, तिथं जड गाडीचा हव्यास थोडा झाकला जातो. सोलापुरात तो झाकला जात नाही. म्हणजे काटकसरीच्या गाडीची गरज आपल्याला त्यांच्याहून जास्त आहे, आणि आपल्याकडेच तो आकडा गिऱ्हाइकाला कुणी ठळकपणे दाखवत नाही. याचा मला खरोखर राग येतो.

दादाच्या गच्चीवर ऊन वर्षभर पडून असतं. ३ किलोवॅटची सोलर बसवली तर दिवसाला सुमारे १२ युनिट मिळतील, छोट्या गाडीला ८० किलोमीटरला पुरतील इतके. त्याचं रोजचं जाणं-येणं होटगी रोडपर्यंत, २० किलोमीटरच्या आत. पुण्याला तो वर्षातून चारदा जातो. परवा फोनवर त्याला एवढंच सांगितलं, की शोरूममध्ये गेलास की रेंज नंतर विचार, आधी विचार, "शंभर किलोमीटरला किती युनिट, आणि ते भिंतीच्या मीटरवर मोजलेलं का?"