शेवटची दोन मिनिटं

आज ऑफिसात डबा खाताना एकजण म्हणाला, "बास्केटबॉलची शेवटची दोन मिनिटं बघायची, बाकी टाइमपास. आणि फायनल कसली सात-सात मॅचची? जाहिराती विकायचे धंदे." सगळे हसले. मीपण हसलो. त्याचाच आता जास्त राग येतोय.

कारण मी २०१६ ची एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची, फायनल बघितलीय. शेवटची दोन मिनिटं सोडून.

२० जून, सोमवार. साताऱ्याच्या घरी पहाटे साडेपाचला टीव्हीपुढे मी आणि बाबा. बाबा कबड्डीवाले. लेब्रॉन जेम्स त्यांच्यासाठी 'दाढीवाला', स्टेफ करी 'तो बारका'. लेब्रॉनची टीम क्लीव्हलँड ३-१ ने मागे पडली (आधी चार मॅच जिंकेल तो विजेता) तेव्हा "आटपलं यांचं" म्हणून त्यांनी पेपर उघडला होता. बरोबरच होतं. समोर करीची गोल्डन स्टेट, त्या मोसमात ८२ पैकी ७३ मॅच जिंकलेली टीम. फायनलमध्ये ३-१ वरून तोवर कुणी परत आलंच नव्हतं. मग पाचव्या मॅचला लेब्रॉनचे ४१ पॉइंट, त्याच्याच टीमच्या कायरी अर्व्हिंगचेही ४१. (हो, गोल्डन स्टेटच्या ड्रेमंड ग्रीनवर त्या दिवशी बंदी होती. मान्य. पुढे.) सहाव्यात लेब्रॉन पुन्हा ४१. त्या दिवशी पेपरची घडी मोडलीच नाही.

आणि सातवी. ८९-८९. गोल्डन स्टेटच्या इग्वाडालाने बास्केटकडे बॉल सोडला आणि दाढीवाल्याने मागून पळत येऊन तो बोर्डावर दाबला. बाबा खुर्चीतनं उठले, "मागनं आला रे, मागनं!"

आणि लाईट गेली.

१ मिनिट ५० सेकंद बाकी. मोबाईलवर नेट रांगतंय, स्कोअर ८९-८९ वरच अडकलेला. बाबा फ्यूज बघून आले, मीटर बघून आले, शेजारी विचारून आले. मग एकदम ९२-८९. कुणी मारला, कसा मारला, काही कळेना. अर्व्हिंगचा करीसमोरचा तो थ्री, तीन पॉइंटचा लांबचा शॉट, मी रात्री बघितला. सुंदर आहे. पण पोटात गोळा आला तो ८९-८९ कडे बघतानाच.

एका मॅचची फायनल हवीय ना? मग गोल्डन स्टेट पहिली मॅच १५ पॉइंटने जिंकली होती, घ्या, संपलं! २०१० ला क्लीव्हलँड सोडून गेला म्हणून ज्याची जर्सी लोकांनी जाळली, तो लेब्रॉन, शेजारच्या ॲक्रन गावचा पोरगा, १९६४ पासून एकही मोठं विजेतेपद न बघितलेल्या शहरासाठी रडला, ते कुठून आलं असतं? त्या दोन मिनिटांतून? अहो, ते आधीच्या सहा मॅचमधून आलं.

जाहिराती फार असतात, खरंय. टाइमआउट घेऊन दोन मिनिटांची वीस करतात, तेही खरंय. दुसरी मॅच क्लीव्हलँडवाले ३३ ने हरले, ती मी स्वतः झोपून काढली. तरीही.

असो. मघाशी बाबांना फोन केला. म्हटलं, ती फायनल आठवतेय का?

"दाढीवाल्याची? लाईट कधी आली रे त्या दिवशी?"

साडेनऊला, बाबा. तोवर चषकबिषक देऊन झाला होता.