गाठ दिसली की लगेच सुरी नको
अॅड्रिनलच्या (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या) गाठीतून थोडं जास्त कॉर्टिसॉल (शरीरातलं स्टिरॉइड हार्मोन) येत असेल तर सरसकट ऑपरेशन करावं, असं एका लेखात वाचलं; ते पटलं नाही. आधी तपासणी नीट होऊ दे. रात्री 11 ला डेक्सामेथासोन (कॉर्टिसॉल दाबणारं स्टिरॉइड) 1 मिलिग्रॅम (अर्ध्या मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या), सकाळी 8 ला रक्त तपासा. कॉर्टिसॉल डेसिलिटरला 1.8 मायक्रोग्रॅमच्या वर, म्हणजे न दबलेलं, आलं तरी गर्भनिरोधक, फिट्स किंवा टीबीच्या गोळ्या चालू आहेत का विचारा; त्यांनीही आकडा वर दिसतो. चिकोडी-निपाणीकडे गाळप हंगामात कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्याचा रिपोर्टही फसवू शकतो. दोष गाठीचाच असेल तर एसीटीएच (मेंदूतल्या पिट्युटरीतून येणारं, कॉर्टिसॉल बनवायला लावणारं हार्मोन) कमी हवं. पण गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तरी ते कमीच दिसतं! गाठ एकाच बाजूला, शिवाय न उतरणारं बीपी, वाढती साखर किंवा मणक्याचं फ्रॅक्चर असेल, तर ऑपरेशनचा विचार करावा. ऑपरेशननंतर दुसऱ्या बाजूची ग्रंथी काही काळ सुस्तच असते. हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलच्या जागी द्यायचं औषध) न देता घरी पाठवलं तर बीपी घसरून पेशंट कोसळू शकतो.