सेल बदललेत!

डिसेंबरातली सकाळ, पावणेसात. डोक्याला तेल चोपडून, कमरेला टॉवेल गुंडाळून तुम्ही गरम पाण्याचा नळ सोडलाय आणि गॅस गीझर गप्प आहे. घाबरू नका. घरात आपलं कुणी ऐकत नाही अशी तुमची जी जुनी तक्रार आहे, ती पुढचे दोन-तीन दिवस तरी मिटणार आहे.

सुरुवात टीव्हीखालच्या खणापासून करा. तिथे चार्जरच्या वायरींचा गुंता, वाळलेला फेव्हिकॉल, कुठल्यातरी कुलपाची किल्ली आणि दोन मोठे सेल सापडतील. ते तिथे कधीपासून आहेत, कुणी ठेवले, असले प्रश्न मनात आणू नका. गीझरखालची डबी उघडा, आतले काढा, हे घाला. नळ सोडा. पेटला नाही? उत्तम. आता तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता : "सेल बदललेत." हे वाक्य घोकून ठेवा, पुष्कळदा लागणार आहे.

गीझर चालतो कसा, हे समजून घ्यायच्या फंदात मात्र पडू नका. पडलात तर पंचाईत, कारण ते फार सोपं आहे. नळ सोडला की पाण्याच्या जोराने आतला रबरी डायफ्राम ढकलला जातो आणि एक छोटा स्विच दाबला जातो. दीड-दीड व्होल्टच्या दोन सेलांवर टकटक ठिणगी पडू लागते, त्याच दोन सेलांवर गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि बर्नर भप्पकन पेटतो. म्हणजे टकटकच नसेल तर सेल बघायचे किंवा पाण्याचा जोर. टकटक जोरात आहे पण ज्योत नाही, तर गॅस बघायचा : सिलिंडर संपलाय का, कॉक बंद राहिलाय का, सिलिंडर कालच बदलला असेल तर नळीत हवा अडकलीय का. आणि टकटक रडतखडत येत असेल, तर पुन्हा सेलच. ठिणगीपुरता जीव त्यांच्यात उरलेला असतो, व्हॉल्व्ह उघडण्यापुरता नसतो.

पण ते तर तुम्ही बदललेत.

तेव्हा आता सोसायटीच्या ग्रुपवर टाका : "गीझर पेटत नाही, कुणाला अनुभव?" अनुभव सगळ्यांनाच असतो. एक जण गीझर उलटा धरून झटकायला सांगेल. एक जण सोलरचं माहितीपत्रक पाठवेल. पहिल्या मजल्यावरचे काका लिहितील, "आमचा बारा वर्षांत एकदाही बंद पडला नाही." काका खोटं बोलत नाहीत. टाकी गच्चीवर, आणि पाण्याच्या दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. सात मजली इमारतीत काकांच्या नळाला दोनेक बार आयते येतात. तुम्ही सगळ्यात वर राहता, टाकी जवळजवळ तुमच्या डोक्यावर. त्यात बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी गीझरच्या तोंडाशी असलेली जाळी बुजलेली. ती काढून जुन्या टूथब्रशने घासायला दहा मिनिटं लागतात. त्यापेक्षा प्रेशर पंपाचा विषय वार्षिक सभेत मांडा.

एवढ्यात आई बंबाची आठवण काढतील. तांब्याचा होता, नारळाच्या शेंड्यांवर पेटायचा, आणि त्याला सेल लागत नसत. यावर उत्तर नाही. गप्प बसा.

आता पुढाकार घ्यायची वेळ. गीझरचं झाकण काढा आणि स्वयंपाकघरातला लायटर बर्नरला लावा. गॅसचा वास आला तरी विचलित होऊ नका. एलपीजीला स्वतःचा वास जवळपास नसतोच, तुमच्यासारख्यांच्या लक्षात यावं म्हणून त्यात मर्कॅप्टन मुद्दाम मिसळलेलं असतं. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचून राहतो, म्हणजे तुमच्या पायाशी. गळती शोधायला काडी ओढावी. ती नक्की सापडते, फक्त कुठे सापडली हे नंतर दुसऱ्या कुणाला तरी सांगावं लागतं. रेग्युलेटर बंद करणं, खिडक्या उघडणं, बाहेर जाऊन गॅसगळतीच्या १९०६ या हेल्पलाइनला फोन करणं ही भित्र्या माणसांची कामं.

खिडकीवरून आठवलं. थंडीत बाथरूमची खिडकी गच्च लावून घ्या. काही घरांत झडपांच्या फटीत जुनं फडकंही कोंबलेलं असतं, बघण्यासारखा बंदोबस्त! जळायला लागणारा ऑक्सिजन गीझर त्याच चार भिंतींतून घेतो. तो कमी पडला की निळी ज्योत पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड जन्माला येतो. त्याला रंग नाही, वास नाही, चाहूल नाही. इतका संकोची पाहुणा हल्ली मिळत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला मात्र तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून घट्ट धरतो. आधी डोकं जड होतं, मग गरगरतं, मग पायांतलं बळ जातं, आणि कडी आतून लावलेली असते. गीझर बाथरूमबाहेर उघड्या ड्राय बाल्कनीत बसवणारे लोक आहेत, पण त्यांना पाइपाच्या खर्चाची काही किंमतच नाही. तुमचा निदान पेटत तरी नाही. तेवढं शहाणपण त्याने दाखवलंय.

मेकॅनिक "निघालोच" म्हणाल्यापासून तिसऱ्या दिवशी येतो. चपला काढता काढता विचारतो, "सेल?"

"बदललेत."

"नवीन आणून?"

इथे तुम्ही खोकायचं. तो पिशवीतून स्वतःचे दोन सेल काढतो, डबीत सारतो, नळ सोडतो. टकटक, भप्प. घरात वाफ, आईंच्या चेहऱ्यावर समाधान. त्याला व्हिजिटचे पैसे द्या, सेलचे वेगळे द्या, आणि वर "डायफ्रामपण बघून ठेवा एकदा" असं म्हणा, म्हणजे आपल्यालाही काही कळतं हे त्याला कळेल.

जुने सेल तो कचऱ्यात टाकायला निघेल. टाकू देऊ नका. हातात घ्या, वजन करून बघा, हातावर जरा घासा. अजून थोडा जीव वाटतोय. टीव्हीखालच्या खणात ठेवून द्या.