मोबाइलवर खटला भरून झाला असेल तर…

दहावी-बारावीचे निकाल लागले, एखाद्या विद्यार्थ्याच्या आत्महत्येची बातमी आली, की आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर खटला उभा राहतो. आरोपी ठरलेले: मोबाइल, क्लासवाले, आईबाप. यंदा मोबाइल आघाडीवर. मी स्टॉकहोममध्ये बसून वाचतो. इथेही शाळांतल्या मोबाइलवरच वाद चाललाय, त्यामुळे नाक मुरडायला जागा नाही.

चर्चा हवीच. एनसीआरबीने (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने) २०२२ मध्ये १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदवल्या; त्यातल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, देशात सर्वाधिक. पण एकच गुन्हेगार शोधण्याचा नाद संशोधकांनी कधीच सोडलाय. ५० वर्षांतले ३६५ अभ्यास २०१७ साली एकत्र तपासले गेले, तेव्हा कोण टोकाला जाईल याचं भाकीत छापा-काट्याहून फारसं बरं निघालं नाही.

म्हणून आता प्रश्न असा विचारतात: शाळेत नेमकं काय केलं की फरक पडतो? इथल्या कॅरोलिन्स्का या वैद्यकीय विद्यापीठाच्या दानुता वासरमन यांनी १० युरोपीय देशांतल्या ११ हजारांवर मुलांबरोबर हे तपासलं (‘लॅन्सेट’ हे वैद्यकीय नियतकालिक, २०१५). शिक्षकांना धोका ओळखायला शिकवलं, मुलांची चाचणी घेऊन तज्ज्ञांकडे पाठवलं. दोन्हींनी ठोस फरक पडला नाही. मुलांनीच प्रसंग बसवून ताण, भांडणं, निराशा यांवर मोकळेपणी बोलण्याचा पाच तासांचा कार्यक्रम मात्र लागू पडला. वर्षभराने आत्महत्येचे प्रयत्न, कार्यक्रम न झालेल्या मुलांच्या तुलनेत, निम्म्यावर आले.

आपल्याकडे मात्र सगळी भिस्त ‘शिक्षकांनी लक्ष ठेवावे’ या परिपत्रकावर! आणि मुलांनी मोकळेपणी बोलण्याचा तो कार्यक्रम काही परदेशी खूळ नव्हे. पुण्याचे मानसोपचारतज्ज्ञ सौमित्र पाठारे आणि सहकाऱ्यांनी हाच कार्यक्रम गुजरातेत मेहसाण्याच्या शाळांत नेला. माझ्या भाच्याच्या शाळेत काय झालं? यशाची गुरुकिल्ली सांगणारं व्याख्यान. त्यापेक्षा नापासांचं वर्ष वाचवणारी जून-जुलैची फेरपरीक्षा मला कितीतरी मोलाची वाटते.

स्वीडनचे गोडवे गात नाही. इथे मोठ्यांच्या आत्महत्या घटल्या, तरुणांच्या तशा घटल्या नाहीत, आणि मुलांच्या मानसोपचाराला रांगा लांबलचक.

ताईचं म्हणणं, “वर्गात हा विषय काढायचा म्हणजे पोरांच्या डोक्यात नको ते भरवायचं.” मी तिला अभ्यास पाठवले: विचारल्याने असे विचार वाढत नाहीत, असंच त्यांत पुन्हा पुन्हा दिसलंय. तिला अजून पटलेलं नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर वर्गात लावा, एवढं मात्र पालकसभेत सांगणार आहे म्हणे.